गुळाचं बिल

वार्षिक सभेत मी फक्त एवढंच म्हणालो की "छत गळतंय, कायतरी करायला पाहिजे." तेही वडे यायला उशीर होत होता म्हणून. दुसऱ्या मिनिटाला मी जीर्णोद्धार कमिटीत.

गिरगावातली आमची लायब्ररी शंभरी कधीच ओलांडून बसलेली. पावसाळ्यात आत चार बादल्या, कादंबऱ्यांच्या कपाटावर निळी ताडपत्री आणि खिडकीजवळच्या आरामखुर्चीत नाना, तोंडावर पेपर घेऊन टपटपच्या तालावर गाढ.

आर्किटेक्ट बाई आल्या, भिंत नखाने टोकरली आणि विचारलं, "हे सिमेंट कोणी थापलं?" सगळे खजिनदारांकडे बघायला लागले. मग बाईंनी समजावलं की जुन्या भिंती दगड-चुन्याच्या, चुना ओल पितो नि परत बाहेर सोडतो, पण वरून सिमेंट फासलं की ओल आतच कोंडते, क्षार फुलतात आणि पोपडे सुटतात. आणि आम्ही दर दिवाळीआधी पोपड्यांवर परत सिमेंटच. पेशंटला तेच विष, तेही वर्गणी काढून!

वरचा काँक्रीटचा स्लॅबसुद्धा मागाहून कोणीतरी घातलेला निघाला. "पाडायचा?" खजिनदारांचा घसा कोरडा. बाई म्हणाल्या, काळा घोड्याला डेव्हिड ससून लायब्ररी बघून या, १८७०ची इमारत, तिथेही नंतरचा स्लॅब काढून मूळच्यासारखं उतरतं कौलारू छप्पर केलंय, २०२३ला परत उघडली. आम्ही गेलो. खजिनदार छपराकडे बघत होते आणि मनात भागाकार करत होते हे मला खालून दिसत होतं.

खरी मजा गिलाव्याला आली. चुन्यात गूळ, मेथी आणि बेलफळाचा गर घालतात, पूर्वीपासूनची पद्धत. ऑडिटरने फाईल बंद करून विचारलं, "वाचनालयाला गूळ कशाला?" मी सांगितलं, भिंतीला. त्याने चष्मा काढून माझ्याकडे जे बघितलं ना, ते मी अजून विसरलेलो नाही. त्यात गुळाची ढेप ठेवली होती संदर्भ विभागात, मुंग्यांनी ज्ञानकोशापर्यंत रांग लावली.

पुस्तकं हलवायला तरुण माणसं हवीत असं ठरलं. कमिटीतला तरुण म्हणजे मी, वय चोपन्न. जुन्या दिवाळी अंकांचे बांधीव गठ्ठे उचलून कंबर गेली ती गेलीच. वर प्रत्येक पुस्तकाला बारकोड चिकटवायचा. ते करताना कळलं की आमच्याकडच्या जवळजवळ सगळ्या रहस्यकथांत तिसऱ्या पानावर कोणीतरी पेन्सिलीने खुनी कोण ते लिहून ठेवलंय. अक्षर ओळखीचं वाटलं, पण नाना थोरले आहेत, विचारणार कोण.

जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला. ग्रंथपाल बाईंनी सवयीने चारही बादल्या जागच्या जागी मांडल्या आणि आम्ही अख्खी कमिटी माना वर करून उभे. दहा मिनिटं, वीस मिनिटं. थेंब नाही. खजिनदारांनी तर डोळे पुसले.

तेवढ्यात नाना खुर्चीतून उठले, छत्री घेतली आणि तणतणत दाराकडे निघाले.

"काय झालं हो नाना?"

"झोपच लागत नाही मेली इथे. टपटप कुठाय?"