पाण्यातलं सॅम्पल असेल तर ट्यूब विसरा

ईपीआरवरचा (जोडी नसलेले इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात मायक्रोवेव्ह सोडून ओळखायची पद्धत) लेख मस्तच, पण ‘ट्यूबमध्ये सॅम्पल भरा आणि ईपीआर घ्या’ असं जे लिहिलंय ना ते पाण्यातल्या सॅम्पलला चालत नाही हो. पाणी मायक्रोवेव्ह खाऊन टाकतं, 4 मिमीच्या ट्यूबमध्ये कॅव्हिटी (मशीनमधली सॅम्पल ठेवायची धातूची पोकळी) धड ट्यूनच होत नाही, मग बारीक कॅपिलरी नाहीतर फ्लॅट सेल (पातळ चपटी कुपी) लागतो, किंवा सरळ लिक्विड नायट्रोजनमध्ये 77 केल्विनला गोठवायचं (थोडं ग्लिसरॉल घालून, नाहीतर बर्फ होताना सॅम्पलमधले कॉपरसारखे आयन एका जागी गोळा होतात नि स्पेक्ट्रममधल्या रेषा पसरतात). मँगनीज टूच्या (Mn²⁺ आयनच्या) 6 रेषा मात्र रूम टेंपरेचरलाही पाण्यात झकास दिसतात. आणि निकेल टू (Ni²⁺) घेऊन एक्स-बँडवर (साधारण 9 गिगाहर्ट्झच्या नेहमीच्या मशीनवर) बसणाऱ्यांना शुभेच्छा, बऱ्याचदा सिग्नल नाहीच, नुसती सपाट बेसलाइनच मिळते 😄