साहेब विजयदुर्गात आला होता, पण तीस वर्षांनी

ऑगस्टचा दुसरा आठवडा लागला की तो संदेश येतोच. यंदा मला तो सात जणांकडून आला, त्यातले दोघे माझेच जुने विद्यार्थी. आशय दरवर्षीचाच. १८ ऑगस्ट १८६८ ला सर नॉर्मन लॉकियर या इंग्रज शास्त्रज्ञाने विजयदुर्ग किल्ल्यावरून खग्रास सूर्यग्रहण पाहिलं आणि तिथेच हेलियमचा शोध लावला. पुरावा म्हणून किल्ल्यावर आजही ‘साहेबाचे ओटे’ आहेत. सूर्यावर जळणारा तोच वायू आज जत्रेतल्या फुग्यांत भरतात. शाळेत मात्र आवर्तसारणी घोकून घेतात, आपल्या दारातला शोध कोणी शिकवत नाही. शेवटी अर्थातच, कोकणी असाल तर पुढे पाठवा.

मी कोकणी आहे, देवगड तालुक्यातच विज्ञान शिकवतो, आणि पुढे पाठवत नाही. गेल्या वर्षी नववीतल्या एका मुलीने वक्तृत्व स्पर्धेसाठी हाच मजकूर पाठ करून आणला, तेव्हा तिला समोर बसवून एकेक वाक्य सोलून काढलं. तेच इथे मांडतो.

आधी तारीख आणि माणूस. १८ ऑगस्ट १८६८ चं ग्रहण खरंच. त्याचा खग्रास पट्टा दख्खन आडवा कापत पूर्वेकडे गेला. विजापूर, जमखिंडी, गुंटूर, मछलीपट्टणम अशा ठिकाणी निरीक्षक दुर्बिणी लावून बसले होते. पिएर जान्सेन हा फ्रेंच शास्त्रज्ञ गुंटूरला होता. लॉकियर मात्र त्या दिवशी हिंदुस्थानात नव्हताच. तेव्हा तो बत्तीस वर्षांचा, लंडनला युद्धखात्यात कारकुनी करणारा गृहस्थ. सूर्य हा त्याचा फावल्या वेळातला नाद. तो ‘सर’ही नव्हता, ती पदवी १८९७ ची. ग्रहण नसतानाही सूर्याच्या कडेवरच्या ज्वालांचा वर्णपट, म्हणजे त्यांचा प्रकाश फोडल्यावर दिसणारा रंगांचा पट्टा, दिसू शकेल अशी त्याची अटकळ होती. त्यासाठी त्याने एक वर्णपटदर्शक बनवायला टाकला होता, तो हातात पडायला ऑक्टोबर उजाडला. २० ऑक्टोबरला त्याने लंडनहूनच त्या ज्वालांच्या रेघा पाहिल्या. ग्रहण नाही, किल्ला नाही, समुद्र नाही.

जान्सेनला हीच युक्ती ग्रहणाच्या दुसऱ्याच दिवशी गुंटूरला साधली होती. पण त्याचं पत्र बोटीने जाणार. ते आणि लॉकियरचं पत्र पॅरिसच्या विज्ञान अकादमीत एकाच दिवशी पोचलं, आणि पुढे फ्रेंच सरकारने दोघांचेही चेहरे असलेलं पदक काढलं. दोन माणसं, दोन देश आणि दोन तारखा यांचा काला बहुधा तिथूनच सुरू झाला असावा.

आणि जरा आपल्या डोक्यानेही विचार करून बघा. ऐन पावसाळ्यात, ऑगस्टात, मुद्दाम सूर्य बघायला कोकण किनाऱ्यावर कोण येईल? आमच्याकडे त्या दिवसांत चादर दोन दिवसांत वाळली तरी नशीब.

आता ओटे. ही खरी गंमत. ओटे खोटे नाहीत, आणि साहेबही खोटा नाही. मी हे सांगितलं तेव्हा त्या मुलीची लहान बहीण, जी विनाकारण वर्गात येऊन बसली होती, तिने विचारलं, “मगे सर, तो साहेब इलोच नाय काय?”

“इलो गो. पण तीस वर्सांनी इलो.”

२२ जानेवारी १८९८ ला दुसरं एक खग्रास ग्रहण झालं आणि त्या वेळी लॉकियर स्वतः विजयदुर्गात तळ ठोकून होता. तोवर तो एकसष्ट वर्षांचा, नावापुढे ‘सर’ लागलेला, लंडनच्या सौर वेधशाळेचा प्रमुख. ‘मेल्पोमिनी’ या ब्रिटिश युद्धनौकेचे अधिकारी आणि खलाशी त्याच्या दिमतीला होते. त्याने त्या खलाशांकडून यंत्रं हाताळायची तालीम करून घेतली होती, कारण खग्रास जेमतेम दोन मिनिटांचा आणि त्यात चुकायला सवड नव्हती. जानेवारी, कोरडी हवा, मोकळं आकाश, बोट लागायला बंदर. साहेबाने जागा आणि हंगाम नेमका निवडला होता. त्याच ग्रहणासाठी पुण्याचे प्राध्यापक नेगमवाला जेऊरला, सोलापूरच्या बाजूला, आपली दुर्बीण घेऊन बसले होते, हेही आपण विसरलो. विजयदुर्गातल्या वेधांचा सविस्तर अहवाल लॉकियरने नंतर छापला, त्यात किल्ल्याचं नाव इंग्रजी वळणाने लिहिलेलं सापडतं. साहेबाचे ओटे या मुक्कामाचे.

मधे १८७१ च्या डिसेंबरातही तो ग्रहणासाठी हिंदुस्थानात आला होता आणि तेव्हाही त्याने समुद्रकाठचा एक किल्लाच गाठला होता. पण तो केरळातला बेकलचा. म्हणजे लॉकियर, किल्ला, समुद्र, ग्रहण हे चारही शब्द खरे असूनही वाक्य खोटं ठरू शकतं.

तिसरा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो: ‘शोध लावला’. समजा, लॉकियर १८६८ ला विजयदुर्गात असता, तरी त्या दिवशी हेलियमचा शोध लागला असं म्हणता आलं असतं का? हे कळायला आम्ही प्रयोगशाळेत गेलो. प्रयोगशाळा म्हणजे दोन कपाटं आणि एक ओलसर भिंत. खिडक्या बंद केल्या, स्पिरिटचा दिवा लावला, तारेच्या टोकाला ओलं करून जाडं मीठ लावलं आणि ज्योतीत धरलं. निळसर ज्योत भडक पिवळी झाली. चपलेच्या खोक्याला ब्लेडने चीर पाडून, आत जुन्या सीडीचा तुकडा तिरका चिकटवून आम्ही एक वर्णपटदर्शक केला होता. त्यातून बघितलं की इंद्रधनुष्य दिसत नाही, जवळपास एकच पिवळी रेघ दिसते. ती सोडियमची. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेघा अशा ठरलेल्या जागी असतात, त्यावरून ते ओळखता येतं.

खरं तर त्या दोन रेघा आहेत, अगदी चिकटलेल्या: तरंगलांबी ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटर. आमच्या खोक्याला हा फरक कळत नाही. सूर्यज्वालांमध्ये दिसलेली पिवळी रेघ होती ५८७.६ ला. मी मुलींना फळ्यावर दाखवलं: जांभळ्या टोकापासून तांबड्या टोकापर्यंतचा, ४०० ते ७०० नॅनोमीटरचा पट्टा तीन मीटर लांब फळ्यावर ताणला, तर सोडियमच्या दोन रेघांत सहा मिलिमीटरचं अंतर पडेल आणि ही नवी रेघ त्यांच्यापासून चौदा मिलिमीटरवर, म्हणजे बोटाच्या रुंदीवर येईल. ग्रहणाच्या काही मिनिटांच्या गडबडीत ती रेघ दिसलेल्यांपैकी बहुतेकांनी ती सोडियमचीच धरली, यात नवल काही नाही. आम्हीही तेच केलं असतं.

ती रेघ सोडियमच्या जागी बसत नाही हे लॉकियरने नंतर निवांतपणे मोजलं. मग एडवर्ड फ्रँकलंड या रसायनतज्ज्ञाबरोबर तो प्रयोगशाळेत बसला. हायड्रोजनवर वेगवेगळा दाब दिला तर ही रेघ येते का, हे दोघांनी तपासलं. येत नाही. तेव्हा हे पृथ्वीवर न सापडलेलं मूलद्रव्य असावं, असा तर्क निघाला आणि सूर्याच्या ग्रीक नावावरून ‘हेलियम’ हे नाव पडलं. नावाचा शेवट बघा: सोडियम, कॅल्शियम, हेलियम. तो धातू असेल असा अंदाज होता! निऑन, अरगॉन, क्रिप्टॉन या निष्क्रिय वायूंच्या रांगेत हा एकटाच ‘इयम’ लावून का उभा आहे, याचं उत्तर त्या चुकलेल्या अंदाजात आहे. पुढे पंचवीसेक वर्षं अनेक रसायनतज्ज्ञ या नावाकडे संशयानेच बघत राहिले. कारण सरळ होतं: वस्तू हातात नाही.

ती हाती आली मार्च १८९५ मध्ये. विल्यम रॅम्झी हा रसायनतज्ज्ञ लंडनमध्ये अरगॉनच्या मागावर होता. क्लेव्हाइट या युरेनियमच्या खनिजावर आम्ल घातलं की एक वायू सुटतो, एवढं त्याला कळलं होतं. अमेरिकेत हिलब्रँड या रसायनतज्ज्ञाने अशाच खनिजातून तो आधी काढलाही होता, पण नायट्रोजन समजून सोडून दिला होता. रॅम्झीने वायू शुद्ध करून त्यातून वीज सोडली, वर्णपट पाहिला, आणि ती पिवळी रेघ समोर उभी राहिली. सूर्यावर दिसल्यावर सत्तावीस वर्षांनी. तेव्हा शोधाची तारीख कुठली? १८ ऑगस्ट, २० ऑक्टोबर, की १८९५ चा मार्च? मला विचाराल तर तिन्ही लिहा, पण कोणी कुठे काय केलं ते बरोबर लिहा.

‘सूर्यावर जळणारा वायू’ हे थोडक्यात उडवतो. हेलियम जळत नाही, सूर्यावरही नाही आणि चुलीतही नाही. सूर्यावर दर सेकंदाला सुमारे साठ कोटी टन हायड्रोजनच्या केंद्रकांचं हेलियमच्या केंद्रकांत रूपांतर होतं. चुलीची उपमाच द्यायची तर हेलियम ही राख, लाकूड नव्हे. आणि ही रासायनिक अभिक्रिया नाहीच. समीकरण संतुलित करताना डावीकडचे अणू उजवीकडे जसेच्या तसे मोजून आणायचे असतात. इथे अणूची जातच बदलते.

फुग्यांचं मात्र थोडक्यात सोडता येत नाही, कारण त्यात जीव जाऊ शकतो. आंगणेवाडीला जा, कुणकेश्वरला जा, गॅसचे फुगे विकणारा दिसतोच. जत्रेतल्या त्या फुग्यांत बहुतेकदा हायड्रोजन असतो. हेलियम महाग, परदेशातून येणारा. फुगेवाला पुष्कळदा आपला वायू स्वतःच तयार करतो: लोखंडी टाकीत कॉस्टिक सोडा, पाणी आणि ॲल्युमिनियमचे भंगार तुकडे. ॲल्युमिनियम अल्कलीशी अभिक्रिया करतं, हायड्रोजन सुटतो आणि सोबत भरपूर उष्णता. टाकी जुनी, गंजलेली, दाब मोजायला काही नाही. अशा टाक्या फुटल्या आहेत आणि माणसं गेली आहेत. परीक्षानळीत जस्त आणि आम्ल घालून, तोंडाशी जळती काडी नेल्यावर जो ‘फट्’ आवाज मुलं हौसेने ऐकतात, तोच हा वायू, फक्त टाकीभर.

मग दोन्ही फुगे सारखेच का उडतात? वजनाचा हिशोब करा. हवेचं सरासरी रेणुवस्तुमान २९ च्या आसपास, हायड्रोजनचं २, हेलियमचं ४. उचलायची ताकद म्हणजे २७ विरुद्ध २५. हेलियम दुप्पट जड असूनही उडायला फारसा कमी पडत नाही. फुग्याकडे बघून आत काय आहे ते कळणार नाही. म्हणून जत्रेत फुगा घेतलात तर विडी-काडीपासून आणि उदबत्तीपासून लांब धरा. ‘हेलियम आहे, काय होतंय’ हे त्या संदेशातून शिकलेलं मूल मला नको आहे.

राहता राहिला शाळेवरचा राग. त्यात तथ्य आहे, मी नाकारत नाही. आवर्तसारणीची पहिली वीस मूलद्रव्यं चालीवर म्हणून घेतली की धडा संपला असं आमच्यापैकी पुष्कळजण मानतात. पण संदेश लिहिणाऱ्याला ज्या सारणीचा कंटाळा आला आहे, तीच या गोष्टीची किल्ली आहे. हेलियमच्या अणूत दोन इलेक्ट्रॉन. पहिली कक्षा दोनांवरच भरते, म्हणजे घर भरलेलं. कोणाला इलेक्ट्रॉन द्यायचा नाही, कोणाकडून घ्यायचा नाही, वाटून घ्यायचा नाही. संयुजा, म्हणजे दुसऱ्या अणूंशी जोडलं जायची क्षमता, शून्य. सोडियम मिठातून काढता येतं, कॅल्शियम शिंपल्याच्या चुन्यातून. ती कशाला तरी बांधलेली सापडतात आणि अभिक्रिया घडवून सुटी करता येतात. ज्याची कोणाशीच अभिक्रिया होत नाही त्याला रसायनतज्ज्ञाने पकडायचं कसं? त्यात तो इतका हलका की वातावरणाच्या वरच्या टोकाहून अवकाशात निसटतो. हवेच्या दहा लाख भागांत जेमतेम पाच भाग उरलेला. पृथ्वीवर तो नव्याने तयार होतो तो युरेनियम-थोरियमच्या किरणोत्सारात, आणि म्हणूनच रॅम्झीला तो त्या खनिजात कोंडलेला मिळाला. थोडक्यात, हेलियम आधी सूर्यावर सापडणं हा योगायोग नव्हता. त्याचा माग प्रकाशातूनच लागायचा होता, आणि त्याचं कारण शाळेच्या पुस्तकात ‘इलेक्ट्रॉन द्विक’ या दोन शब्दांत बसलेलं आहे.

एवढं सगळं झाल्यावर त्या मुलीने भाषण नव्याने लिहिलं, माझी मदत न घेता. सुरुवात छान होती: लॉकियरसाहेब विजयदुर्गाला आले तेव्हा हेलियम सापडून तीन वर्षं झाली होती. मीठ आणि खोक्याचा प्रयोगही तिने घातला, खोका व्यासपीठावर नेऊन दाखवला.

तिसरा क्रमांक आला. गुणपत्रिकेवर परीक्षकांचा शेरा होता, ‘सादरीकरण उत्तम. हेलियमच्या शोधाची तारीख चुकली.’