पोटरी दाबणारे काका

परवा सायकलच्या दुकानात एका अनोळखी गृहस्थांनी माझी पोटरी दाबून पाहिली. अजून राग गेलेला नाही.

मला ऑफिसला जायला सायकल हवी होती. मडगार्ड, कॅरिअर, स्टँड आणि पँटला काळं लागू नये म्हणून चेनकव्हर. बस. दुकानातल्या पोरानं जाड टायरची काढली. पुढे-मागे शॉकअप, २१ गिअर, मडगार्ड नाही. "मडगार्डनं लुक जातो, सर. हिच्यावर रविवारी सिंहगड होईल." अरे, मला सोमवारी ऑफिस आहे! शिवाय मागचा शॉकअप म्हणजे पायाचा थोडा जोर सायकल वरखाली हलवण्यातच जायचा.

तेवढ्यात काका उठले. नातवाच्या सायकलीत हवा भरायला आले होते. हवा केव्हाच भरून झाली होती.

"कुठं जायचंय तुम्हाला?"

"कोथरूडहून शिवाजीनगर."

"मेट्रो आहे की. वनाजला बसा, सिव्हिल कोर्टला उतरा."

"मला सायकलच हवीय."

"वजन किती?"

"बारा किलोपर्यंत चालेल."

"सायकलीचं नाही. तुमचं."

मी थोडं कमी करून सांगितलं. काकांनी नुसतं पोराकडे पाहिलं, मग वाकून पोटरी दाबली. "हिला गिअर कशाला?"

"येताना चढ आहे."

"येताना घरीच यायचं असतं. घाई कसली?"

पोटरीपर्यंत मी 'तुम्ही' होतो, नंतर 'तू' झालो. आमच्या वेळी दिवा नसला की पोलीस हवा सोडायचा, डबलसीट दिसलं तरी सोडायचा, हे ऐकवून त्यांनी कोपऱ्यातल्या गुलाबी लेडीज सायकलकडे बोट केलं. "ह्याला ती दे. मडगार्ड, बास्केट, चेनकव्हर, सगळं आहे. दांडी नाही, पायही उचलायला नको. बरं पडेल तुला."

दुकान हसलं. संताप याचा, की माणूस बरोबर बोलत होता. डबा घेऊन ऑफिसला जाणाऱ्यासाठी तिथं तेवढी एकच सायकल होती. दुसरी ती काळी, २८ इंची चाकांची, पण ती म्हणे "वॉचमनसाठी नेतात, सर." थोडक्यात, सायकल म्हणजे एक तर हौस, नाहीतर गरिबी. नेदरलँड्सचे मार्क रुटे पंतप्रधान असताना सायकलवरून कचेरीत जायचे. आमच्या ऑफिसच्या सिक्युरिटीनं त्यांनाही जनरेटरमागे, कचऱ्याच्या डब्यांशेजारी सायकल लावायला सांगितलं असतं. आणि सायकल ट्रॅक? त्यावर मोटारी उभ्या असतात. हवा सोडणारे पोलीस तिकडे का फिरकत नाहीत, कुणास ठाऊक.

शेवटी हायब्रिड घेतली. मध्यम टायर, शॉकअप नाही, निदान चालते. मडगार्डचे वेगळे पैसे, स्टँडचे वेगळे. कॅरिअर बसेना, कारण फ्रेमला त्यासाठी भोकंच नाहीत. डबा पाठीवर, शर्ट घामानं ओला. आणि ट्यूबचा व्हॉल्व्ह निघाला बारीक, रेसिंगवाला. नळस्टॉपपाशी पंक्चरवाल्यानं नळी लावून पाहिली, दोनदा फुंकर मारली आणि म्हणाला, "ही हवा आपल्याकडे नाही, साहेब."

दुकानात फोन केला. ॲडॅप्टर असतो म्हणे, पण सध्या संपलाय.