पॉन्टून बोट उलटत नाही, गंजत नाही? असं नसतंय हो!

आठ-दहा दिवस झाले, घरच्या, गावच्या सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच मेसेज फिरतोय. पॉन्टून बोट उलटत नाही, ॲल्युमिनियमची म्हणून गोड्या पाण्यात गंजत नाही, मेंटेनन्स शून्य, लाईफ जॅकेटसुद्धा लागत नाही. आम्ही कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयावर, बामणोलीला नवी पॉन्टून घेतलीय म्हणून जो तो मलाच पाठवतोय, तर एकेक घेतो.

उलटत नाही म्हणे. खाली दोन लांब नळकांडी, वर सपाट डेक, त्यामुळं साध्या होडीसारखी ती डुलत नाही हे खरंय, आणि माझ्या आईचे गुडघे दुखतात तरी ती आरामात चढते, त्यासाठीच तर घेतली. पण जानेवारीत वासोट्याचा डोंगर समोर आला तसे सहाजण फोटोसाठी एकदम पुढच्या रेलिंगला पळाले, नेमका तेव्हाच मी वेग झटकन कमी केला, मागून आमचीच लाट आली आणि नळकांड्यांची तोंडं पाण्याखाली. पाणी सरळ डेकवर, काकूच्या चपला तरंगत मागच्या सीटपर्यंत! बोट लगेच वर आली, पण त्या दोन सेकंदांत पोटात गोळा आला माझ्या. बोटीवर किती माणसं, किती किलो याची पट्टी असती ती वाचा, आणि पुढं गर्दी होऊ देऊ नका. वारा सुटला की वरचं छत शिडासारखं वारं धरतंय, ते वेगळंच.

गंजायचं म्हणाल तर लोखंडासारखा तांबडा गंज येत नाही एवढंच. ॲल्युमिनियमला तांबं किंवा स्टीलचा भाग पाण्यात चिकटून राहिला की ॲल्युमिनियम खाल्लं जातं, पांढरी पूड आणि बारीक खड्डे दिसतात. म्हणून बोटीच्या ऐवजी स्वतःच आधी झिजणारा धातूचा तुकडा, म्हणजे ॲनोड, लावायचा. शिवसागरासारख्या गोड्या पाण्यात मॅग्नेशियमचा, जस्ताचा समुद्रासाठी. अर्धा झिजला की बदलायचा. आणि शेवाळ धरू नये म्हणून लावतात तो तांबं असलेला रंग ॲल्युमिनियमला अजिबात लावू नका.

मेंटेनन्स शून्य हे तर सगळ्यात खोटं! बोटीच्या नव्या फोर-स्ट्रोक मशीनचं, म्हणजे इंजिनचं, पहिलं ऑइल बहुतेक 20 तासांनी बदलायचं असतं, पुढं साधारण 100 तासांनी नाहीतर वर्षानं, आपलं मॅन्युअल बघून घ्या. मशीन चालू केलं की मागं पाण्याची बारीक धार पडते, मी रोज आधी तीच बघतो, धार थांबली तर मशीन लगेच बंद, कारण गवत-गाळ अडकलाय नाहीतर थंड ठेवणारं पाणी खेचणाऱ्या पंपाचा इंपेलर, म्हणजे आतलं फिरणारं चाक, गेलाय आणि तसंच चालवलं तर मशीन तापून जातंय. परवा बोट ढकलणारा पाण्यातला पंखा काढला तर आत जाळ्याचा नायलॉन दोरा इतका घट्ट गुंडाळलेला की ब्लेडनं कापून चिमट्यानं ओढावा लागला. तो दोरा पाणी आत येऊ न देणारं सील कापतो, गिअरमध्ये पाणी जातं आणि ऑइल दुधाच्या कॉफीसारखं होतं. माझं सील वाचलं.

लाईफ जॅकेटचं मात्र कळकळीनं सांगतो. कोयना धरण 1964 चं, पाण्याखाली गावं आहेत, उन्हाळ्यात पाणी उतरलं की खुंटं आणि घरांची जोती कुठं वर येतील सांगता येत नाही. पट्टीचा पोहणारासुद्धा धडकेनं डोकं आपटून पडला तर पोहणार कसा? आमच्या आईला पोहता येत नाही, तिचं नारिंगी जॅकेट ती धक्क्यावरच घालते, पट्टे मी आवळतो आणि मगच दोर सोडतो.