इंजिनातली टिकटिक

जुन्या मोटारसायकलच्या इंजिनातून टिकटिक येऊ लागली की ती कुठून येते हे शोधून काढायचे असते, एवढे सर्वांना ठाऊक असते. परंतु शोधण्यासाठी ती आधी नीट ऐकावी लागते, आणि मुंबईत ती ऐकायची कुठे, याचे उत्तर कोणत्याही मेकॅनिककडे नसते. माझी गाडी स्प्लेंडर आहे, तीही टाकीवर हिरो आणि होंडा ही दोन्ही नावे गुण्यागोविंदाने नांदत होती त्या काळातली. तिचे 97.2 सीसीचे इंजिन इतके मुकाट चालत असे, की सिग्नलला ते बंद पडले आहे असे समजून चालू इंजिनालाच पुन्हा किक मारायला माझा पाय अनेकदा उचलला गेला आहे. पंधरा वर्षे पूर्ण झाल्यावर वडाळ्याच्या आरटीओत तिची नोंदणी पुढच्या पाच वर्षांसाठी वाढवून घेतली, तेव्हा तिचे दिवे, हॉर्न, चासी नंबर असे सगळे पाहून झाले. पीयूसीवाल्याने सायलेन्सरमध्ये नळी खुपसून कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बनही मोजले. म्हणजे व्यवस्थेने तिला डोळ्यांनी पाहिले, तिचा वासही घेतला. कान तेवढा कोणी लावला नाही. ते काम माझ्या वाट्याला आले.

हेल्मेट घातले की टिकटिक ऐकू येत नाही आणि काढले की वाहतूक पोलिसाची शिट्टी ऐकू येते, ही या शोधातली पहिली अडचण. इंजिनाचा आवाज शेजारच्या भिंतीवर आपटून परत आला की स्पष्ट कळतो, म्हणून जाणकार मंडळी कुंपणाच्या भिंतीला धरून एकसारख्या वेगाने गाडी चालवून पाहा असे सांगतात. घाटकोपरच्या लाल बहादूर शास्त्री मार्गावर भिंती भरपूर आहेत, एकसारखा वेग मात्र फक्त शून्याचाच मिळतो. ज्या रस्त्यांवर तो मिळू शकला असता, त्या सागरी सेतूवर, किनारी रस्त्यावर आणि जे. जे. उड्डाणपुलावर दुचाकींना बंदी आहे. मग मी कायद्याचा आधार घ्यायचे ठरवले. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांनुसार रुग्णालय, शाळा आणि न्यायालय यांच्याभोवतीचे शंभर मीटर हे शांतता क्षेत्र ठरवता येते आणि तिथे दिवसा 50 डेसिबलच्या वर आवाज जाऊ नये अशी मर्यादा आहे. त्या अर्थाचा फलक असलेल्या एका रुग्णालयाच्या दाराशी मी गाडी उभी करून कान इंजिनाजवळ नेला. हॉर्नवरची बंदी वाचता वाचता लोक हॉर्न वाजवीत होते. शिवाय इंजिनाला कान लावून उकिडवा बसलेला मनुष्य पाहून चार जण थांबले, आणि त्यांतल्या दोघांनी मला नव्हे तर एकमेकांना गाडीचे निदान सांगायला सुरुवात केली.

एवढी धडपड करण्याचे कारण असे, की इंजिनाचा आवाज नुसता मोठा की लहान हे पाहून भागत नाही, त्याचा ठेका ओळखावा लागतो. चार स्ट्रोकच्या इंजिनात क्रँक, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतो तो खालचा दांडा, दोनदा फिरतो तेव्हा व्हॉल्व्ह उघडणारा वरचा कॅमशाफ्ट एकदा फिरतो. त्यामुळे वरच्या भागातला, म्हणजे व्हॉल्व्हला दाबणाऱ्या टॅपेटचा आवाज क्रँकच्या निम्म्या गतीने येतो. खालच्या भागातला, म्हणजे कनेक्टिंग रॉड किंवा बेरिंगचा आवाज क्रँकच्या गतीला धरून आणि अधिक जड येतो. गाडी न्यूट्रलमध्ये मिनिटाला साधारण 1400 फेरे घेत असेल तर एका व्हॉल्व्हची टिकटिक मिनिटाला 700 वेळा, म्हणजे सेकंदाला अकरा-बारा वेळा होते. व्हॉल्व्ह दोन असतात. हे गणित कागदावर फार सुंदर दिसते. प्रत्यक्षात सेकंदाला अकरा टिका आणि तेवीस टिका यांतला फरक ओळखण्यासाठी तबल्याची निदान मध्यमापर्यंतची परीक्षा द्यावी लागेल. खिशाच्या दृष्टीने मात्र हा फरक अगदी सोपा आहे. वरची टिकटिक चहापाण्याच्या खर्चात बसते आणि खालची ठकठक दिवाळीचा बोनस घेऊन जाते.

घरच्या मंडळींनी आपापल्या परीने तपासाला हातभार लावला. पत्नीच्या मते तो किल्लीला अडकवलेल्या साखळीचा आवाज होता, आणि ती साखळी माझ्या बहिणीने दिलेली असल्यामुळे या मताला केवळ तांत्रिक म्हणता येत नव्हते. साखळी काढली, टिकटिक तशीच राहिली. मेहुण्याने ऑइल कमी असल्याचे फोनवरूनच जाहीर केले. ऑइल तपासणे ही साधी गोष्ट वाटते, परंतु स्प्लेंडरची पट्टी पुसून आत टाकताना ती आट्यांत फिरवायची नसते, नुसती टेकवायची असते. फिरवली तर पातळी आहे त्यापेक्षा जास्त दिसते आणि मनुष्य समाधानाने कोरडे इंजिन चालवत राहतो. माझे ऑइल बरोबर दोन खुणांच्या मध्ये होते. मेहुण्याला हे कळवले तेव्हा त्याने ऑइलची पट्टीच चुकीची असेल असे सांगितले. सासरच्या माणसाचे निदान खोडून काढू नये, या तत्त्वाला अनुसरून मी पट्टीकडे जरा संशयाने पाहिले आणि फोन ठेवला.

आमच्या इमारतीतले, बेस्टच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले काका मात्र या विषयातले खरे अधिकारी. त्यांनी घरातून लाकडी मुठीचा हातभर लांब स्क्रू ड्रायव्हर आणला, त्याचे टोक इंजिनावर टेकवले, मूठ कानामागच्या हाडाला लावली आणि डोळे मिटले. या पद्धतीने ज्या भागावर टोक टेकवावे त्याचाच आवाज तेवढा कानात येतो. काका आधी क्रँककेसवर गेले, तिथून सिलिंडरवर, आणि मग सिलिंडर हेडवरच्या टॅपेटच्या झाकणाजवळ आले, तोच विमानतळावर उतरणारे विमान आमच्या गच्चीला जवळजवळ टेकून गेले. काकांनी डोळे न उघडता डावा हात वर करून सर्वांना थांबवले. विमान गेले, तेव्हा शेजारच्या पुनर्विकासाच्या जागेवर ब्रेकर सुरू झाला. ब्रेकर थांबला, तोवर पुढचे विमान आले. अखेर काकांनी स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला आणि म्हणाले, "रात्री दोनला या. आणि अंधार लागेल."

अंधाराचे कारणही काकांनी सांगितले. प्लगची वायर जुनी होऊन चिरली तर ठिणगी प्लगमध्ये न जाता इंजिनाच्या धातूवर उडते आणि तिचाही हुबेहूब टिकटिक आवाज येतो. दिवसा ती दिसत नाही, अंधारात निळी दिसते. त्याप्रमाणे रात्री दोन वाजता आम्ही पार्किंगचा दिवा बंद करून इंजिन चालू केले. निळी ठिणगी दिसली नाही. पहिल्या मजल्यावरचा दिवा मात्र दिसला, पाठोपाठ दुसऱ्या मजल्यावरचा. काकांनी तेवढ्या वेळात सायलेन्सर जिथे सिलिंडर हेडला बसतो त्या जोडावर साबणाचे पाणी सोडले. तिथले पॅकिंग गेले असेल तर गॅस फटीतून निसटतो, बुडबुडे येतात आणि आवाज थेट टॅपेटचा वाटतो. बुडबुडे आले नाहीत. तिसऱ्या मजल्यावरून सेक्रेटरींचा आवाज आला. त्यांनी विचारलेला प्रश्न इथे देता येणार नाही, परंतु त्यांना आलेला आवाज टॅपेटचाच होता, एवढे काकांनी त्यांना खालूनच ठामपणे सांगितले.

टॅपेट हे निदान एकदा पक्के झाल्यावर पुढचे काम मेकॅनिकचे. नाक्यावरच्या पहिल्या मेकॅनिकपुढे गाडी उभी केली आणि टिकटिक थांबली. दुकानाच्या पायरीपाशी येताच आवाज बंद होणे हा जुन्या इंजिनांचा स्वभावच आहे. तरीही त्याने मूठ पूर्ण पिळली, इंजिन किंचाळले, आणि त्या किंचाळण्यात कसलाही वेगळा आवाज येत नसल्याची त्याने खात्री करून दिली. दुसऱ्याने हात न लावताच "हाफ इंजिन करावं लागेल", म्हणजे इंजिन अर्धे उघडावे लागेल, असे सांगितले. मी निघू लागलो तेव्हा तो टायमिंग चेनवर आला आणि मी किक मारल्यावर ती चेन ताणून धरणाऱ्या नुसत्या टेन्शनरवर. तिसरा तरुण होता आणि बोलत नव्हता, म्हणून त्याच्यावर विश्वास बसला. गाडी चालवत आणल्यामुळे इंजिन तापलेले होते. त्याने तशाच तापलेल्या हेडवरची दोन्ही झाकणे काढली, फट मोजायचा फीलर गेज विचारल्यावर "बोटाला कळतं, साहेब" असे म्हणाला, स्क्रू पिळले आणि झाकणे लावली. टिकटिक नाहीशी झाली. इतकी नाहीशी झाली, की सिग्नलला पुन्हा चालू इंजिनाला किक मारायला पाय उचलला गेला.

हा आनंद गाडीचे माहितीपुस्तक उघडेपर्यंत टिकला. टॅपेटखालची फट इंजिन गार असताना बसवायची असते. टॅपेट सैल, म्हणजे ही फट जास्त असेल तर आवाज येतो आणि थोडी ताकद कमी होते. टॅपेट घट्ट असेल तर आवाज येत नाही, परंतु व्हॉल्व्ह आपल्या जागी पुरता बसत नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्हला जी उष्णता लागते ती तो त्या बसण्याच्या क्षणी आपल्या बैठकीला देऊन टाकत असतो. बसायलाच मिळाले नाही तर तो हळूहळू जळतो, कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, जाते आणि गाडी किक घेत नाही. म्हणजे कुरकुर करणारा टॅपेट निरुपद्रवी आणि गप्प बसलेला घातकी. त्या क्षणापासून मी शांततेला कान लावून बसू लागलो, आणि टिकटिकीपेक्षा हे काम कितीतरी त्रासाचे निघाले. पत्नीला मी सांगितले की आवाज येत नाही ही काळजीची गोष्ट आहे. तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिले.

फीलर गेज नागदेवी स्ट्रीटवर मिळाला. पोलादाच्या पातळ पात्यांचा तो जुडगा हातात आल्यावर आपण या शास्त्राचे अभ्यासक असल्याची भावना उगाच येते. पहाटे, इंजिन रात्रभर गार झाल्यावर, काका आणि मी खाली उतरलो. डाव्या बाजूच्या झाकणातून क्रँक फिरवून फ्लायव्हीलवरची टी ही खूण जुळवली. ही खूण दोनदा जुळते, आणि त्यांतल्या एकाच वेळी दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात. व्हॉल्व्हना दाबणारे दोन्ही रॉकर बोटाने किंचित हलले तर बरोबर, नाही तर क्रँकचा आणखी एक पूर्ण फेरा द्यायचा. मग रॉकरखालच्या केसभर जागेत पाते घालायचे आणि ते थोडे अडखळत, परंतु ओढले की निघेल इतपत स्क्रू पिळायचा. येथवर सगळे जमते. त्यानंतर स्क्रूला जागेवर पक्का धरणारा चेकनट आवळायचा असतो, आणि चेकनट आवळताना स्क्रूही त्याच्याबरोबर हळूच फिरतो. पाते अडकते. नट सैल करा, स्क्रू मागे घ्या, पाते घाला, स्क्रू धरून ठेवा, नट आवळा. पाते आता वाऱ्याने हलते. दूधवाला आला, पेपरवाला आला, सेक्रेटरी फिरायला निघाले आणि आम्हाला पाहून परत वर गेले. काका स्क्रू धरत होते आणि मी नट आवळत होतो, मग मी स्क्रू धरत होतो आणि काका नट आवळत होते. शेवटी केव्हातरी नट आवळूनही पाते जेवढे अडखळायला हवे तेवढेच अडखळले, तेव्हा काकांनी माझ्या हातातला पाना काढून घेतला, जेणेकरून मी आणखी सुधारणा करू नये.

किक मारली. टिकटिक आली, बारीक, एकसारखी, वरच्या बाजूची. काकांनी स्क्रू ड्रायव्हर लावून ऐकले, मान डोलावली आणि चहाला वर गेले. वरून पत्नीने विचारले, "एवढं करून आवाज येतोच आहे ना?" मी हो म्हणालो, आणि त्यातला आनंद तिला समजावण्याच्या भानगडीत पडलो नाही.

अडचण एकच राहिली आहे. स्टेशनला जाण्याचा सरळ रस्ता त्या तिसऱ्या मेकॅनिकच्या दुकानावरून जातो, आणि कोणाला न ऐकू येणारी ती टिकटिक भर गर्दीतही त्याला बरोबर ऐकू येते. मी दिसताच तो हात पुसत फुटपाथवरून खाली उतरतो आणि म्हणतो, "साहेब, आवाज परत आला वाटतं! थांबा, पाच मिनिटांत बंद करून देतो, पैसे पण देऊ नका." इतक्या सज्जन माणसाला नाही म्हणवत नाही, म्हणून मी हल्ली मागच्या गल्लीने जातो, ती एकेरी आहे, आणि वळसा घालून यायला लागतो, पण बाजूने लांबच लांब कुंपणाची भिंत आहे.