‘डोक्याच्या गोळ्यां’चा तो मेसेज, आणि काउंटरच्या अलीकडून दिसणारी गोष्ट

गेल्या महिन्याभरात एकच मेसेज माझ्या फोनवर पाच ठिकाणांहून आला. दहावीची बॅच, भावकी, गणेश मंडळ, गल्लीचा ग्रुप, आणि शेवटी चक्क आम्हा केमिस्ट लोकांचाच ग्रुप. मथळा ‘सावधान! मानसोपचाराच्या गोळ्या म्हणजे हळू विष’. खाली सात मुद्दे, मग हात जोडलेले इमोजी आणि ‘किमान दहा जणांना पाठवा’.

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी बावीस वर्षं मेडिकल चालवतोय. मी डॉक्टर नाही, फार्मासिस्ट आहे. पण या गोळ्या कोण नेतं, कोण मध्येच बंद करतं आणि बंद केल्यावर तीन महिन्यांनी कुठल्या अवस्थेत परत येतं, हे पुष्कळदा डॉक्टरांच्या आधी मला दिसतं. म्हणून मुद्द्यामुद्द्यानं लिहितोय. गिऱ्हाइकांच्या गोष्टी ओळखू येऊ नयेत एवढ्या बदलल्या आहेत.

मेसेजचा पहिला मुद्दा: ‘या सगळ्या झोपेच्या गोळ्या असतात. एकदा सुरू झाल्या की जन्मभर सुटत नाहीत.’

यातला चाराणे भाग खरा आहे, आणि तोच घात करतो. चिठ्ठीवर बहुतेक वेळा दोन वेगळ्या घराण्यांच्या गोळ्या असतात. एक घराणं अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, डायझेपाम यांचं. अर्ध्या-पाऊण तासात धडधड थांबते, झोप लागते. पण काही आठवडे रोज घेतली की शरीर सरावतं, एकाच्या जागी दीड लागते, आणि एकदम तोडली तर झोप उडते, हात थरथरतात, कधीकधी फिटसुद्धा येते. म्हणूनच अल्प्राझोलाम, डायझेपाम, झोल्पिडेम वगैरे औषधं १ मार्च २०१४पासून शेड्यूल एच-१ या कडक नियमांच्या यादीत आहेत. विकताना डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव, औषध आणि नग वेगळ्या रजिस्टरात लिहायचे, आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपायचं.

दुसरं घराणं एस्सिटॅलोप्राम, सर्ट्रालीन, फ्लुओक्सेटिन यांचं, म्हणजे डिप्रेशन आणि चिंतेवरच्या औषधांचं. या झोपेच्या गोळ्या नव्हेत. त्यांची नशा नाही, कैफ नाही. ‘अजून दोन द्या ना’ म्हणत कुणी यांच्यासाठी काउंटरवर अजीजी केल्याचं मला आठवत नाही. उलट तक्रार असते ती काहीच फरक पडत नाही याची. कारण त्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे जातात, आणि पहिल्या आठवड्यात मळमळ, पातळ शौच, थोडी बेचैनी हेच पदरात पडतं.

आता काउंटरवर काय होतं बघा. एक मावशी चिठ्ठी घेऊन आल्या. सकाळी एस्सिटॅलोप्राम, रात्री क्लोनाझेपाम. रात्रीची फक्त पंधरा दिवस, सकाळचीचा गुण येईपर्यंत टेकू म्हणून. दहाव्या दिवशी मावशी परत. ‘ती सकाळची नको बाबा, मळमळतं. अन् ती लई दिवस घेतली की सवय लागते म्हणे, व्हॉट्सॲपवर आलंय. ती रात्रीची तेवढी दे, तिनं छान झोप लागते.’

म्हणजे जिची सवय लागते ती हवी, आणि जी आजार हटवणार ती बंद! या मेसेजचं सगळ्यात मोठं नुकसान हेच आहे. तो माणसाला चुकीच्या गोळीपासून लांब नेत नाही, चुकीच्या गोळीकडे ढकलतो. मावशींना मी डॉक्टरांना फोन लावून दिला. दुकान नवीन होतं तेव्हा ओळखीच्या माणसाला चिठ्ठीशिवाय रात्रीची स्ट्रिप मीही काढून दिलेली आहे, हेही इथंच कबूल करतो.

दुसऱ्या घराण्याच्या गोळ्याही आपल्या मनानं फटकन बंद करायच्या नसतात. चक्कर येते, डोक्यात करंट बसल्यासारखं होतं. पॅरोक्सेटिन आणि व्हेनलाफॅक्सिन यांत जास्त. डॉक्टर त्या हळूहळू उतरवतात. पण हे व्यसन नव्हे. पहिल्यांदाच डिप्रेशन आलं असेल तर बरं वाटू लागल्यावर साधारण सहा-नऊ महिने गोळी चालते, मग सुटते. बायपोलर (मन कधी अतिउत्साही, कधी खोल उदास), स्किझोफ्रेनिया (भास-भ्रम होणारा आजार) यांत वर्षानुवर्षं लागते, हे खरं. आमचे अण्णा पंचवीस वर्षं बीपीची गोळी घेतात. त्यांना कुणी व्यसनी म्हटलेलं ऐकलं नाही.

मुद्दा दोन: ‘सेरोटोनिनची थिअरी खोटी ठरली, म्हणजे डिप्रेशनची औषधं फसवणूक आहेत.’

हा मुद्दा शिकलेला माणूस फॉरवर्ड करतो. २०२२मध्ये लंडनच्या जोआना मॉनक्रीफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुने अभ्यास एकत्र चाळून सांगितलं, की सेरोटोनिन कमी झालं म्हणून डिप्रेशन येतं याला सुसंगत पुरावा नाही. बरोबर आहे. ‘मेंदूतलं केमिकल कमी पडलंय’ हे वाक्य सोपं होतं म्हणून वर्षानुवर्षं चाललं, आमच्याकडे येणारे एमआर, म्हणजे औषध कंपन्यांचे प्रतिनिधीही तेच बोलायचे. पण औषध का लागू पडतं आणि औषध लागू पडतं का, हे दोन प्रश्न वेगळे. डोकं दुखतं ते कपाळावर बाम कमी पडल्यामुळे नव्हे, तरी बाम लावल्यावर बरं वाटतं. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर २०१८मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात आलं: ५२२ चाचण्या, १ लाख १६ हजारांवर माणसं, २१ औषधं. सगळी खोट्या गोळीपेक्षा, म्हणजे औषध नसलेल्या गोळीपेक्षा, सरस निघाली. फार मोठ्या फरकानं नव्हे, पण सरस.

आणि फक्त गोळीच असंही नाही. गोव्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांवर डॉक्टर नसलेल्या, खास शिकवून तयार केलेल्या समुपदेशकांनी बऱ्यापैकी तीव्र डिप्रेशनच्या पेशंटांबरोबर सहा ते आठ बैठका घेतल्या. कशात रस होता, ते पुन्हा थोडंथोडं सुरू करायचं, अडचणी एकेक करून सोडवायच्या, असं साधं काम. तीन महिन्यांनी त्यातले ६४ टक्के बरे होते. नेहमीचेच उपचार मिळालेल्या गटात ३९ टक्के. ‘मन घट्ट कर’ या सल्ल्यात आणि या बैठकांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्यात सगळं काम आजाऱ्यावरच टाकलेलं असतं.

कंपन्यांच्या नफ्याचं म्हणाल, तर अमेरिकेत फ्लुओक्सेटिनचं पेटंट २००१मध्येच संपलं. बायपोलरवरचं लिथियम हे तर एक क्षार आहे, १९४९पासून वापरात. त्याच्यावर कोण इमले बांधणार?

तिसरा: ‘रक्तात, एमआरआयमध्ये काही येत नाही, म्हणजे आजारच नाही.’ अर्धशिशीही एमआरआयमध्ये दिसत नाही. आमच्याकडचा एक टेम्पोवाला. छातीत धडधड, घाम, ‘आता मरतो’ असं वाटतं आणि दहा-पंधरा मिनिटांत ओसरतं. तीन ईसीजी, एक टूडी इको, सगळं नॉर्मल. वर्षभर माझ्याकडून गॅसच्या गोळ्या नेत होता. नॉर्मल रिपोर्टची फाइल घेऊन तो अजून घाबरायचा, कारण ‘सापडतच नाही’ म्हणजे काहीतरी मोठंच असणार. त्याला पॅनिक म्हणतात हे शेवटी सिव्हिलच्या ओपीडीत कळलं. मानसोपचारतज्ज्ञ तपासण्या सांगतात त्या बहुधा दुसरं काही नाही ना हे बघायला. थायरॉईड कमी असेल, बी-१२ कमी असेल तरी माणूस मरगळतो. निदान होतं ते ऐकून: किती आठवडे चाललंय, झोप, भूक, कामधंदा किती मोडलाय. दोन दिवसांचा राग किंवा उदासी म्हणजे आजार नव्हे. दोन आठवडे रोज, जवळजवळ दिवसभर असेल तर दाखवायला जावं.

चौथ्या मुद्द्यानं मला खरा राग आला. ‘मुलांचा चंचलपणा हा आजार नाही. मोबाईल काढून घ्या, दोन फटके द्या. मुलांना कसलं आलंय डिप्रेशन?’

१७९८मध्ये अलेक्झांडर क्रायटन या स्कॉटिश डॉक्टरनं लक्ष टिकवू न शकणाऱ्या माणसांबद्दल लिहून ठेवलंय. १९०२मध्ये जॉर्ज स्टिल यांनी लंडनमध्ये व्याख्यानं दिली ती अशा मुलांवर, ज्यांची बुद्धी चांगली पण स्वतःला आवरता येत नाही. १९३७मध्ये अमेरिकेत चार्ल्स ब्रॅडली यांना मुलांमध्ये उत्तेजक औषधाचा उलटा, शांत करणारा गुण दिसला. तेव्हा कोणता मोबाईल होता? मोबाईलमुळे झोप मोडते, तो कमी केलेला चांगलाच. पण त्यानं एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकण्याचा आणि अतिचंचलपणाचा हा आजार, जात नाही, आणि फटक्यांनी तर नाहीच.

मात्र प्रत्येक वळवळ्या पोराला एडीएचडी नसतो, हेही तितकंच ठासून सांगतो. लक्षणं सहा महिने तरी हवीत, बारा वर्षांच्या आत सुरू झालेली हवीत, आणि घरी व शाळेत दोन्हीकडे हवीत. फक्त गणिताच्या तासाला चुळबुळ होत असेल तर दोष गणिताचा किंवा गुरुजींचा असू शकतो. कान-डोळे तपासावेत. गप्प बसून खिडकीबाहेर बघणारी मुलगी कुणाला त्रास देत नाही, म्हणून तिच्याकडे कुणाचं लक्षच जात नाही. सहा वर्षांखालच्या मुलांत आधी आई-वडिलांना शिकवतात, गोळी नंतरची गोष्ट. मिथाइलफेनिडेट हे एडीएचडीचं औषध सुरू केलंच तर भूक कमी होते, म्हणून नाश्ता झाल्यावर देतात आणि दर खेपेला वजन-उंची मोजतात.

आता ‘मुलांना कसलं डिप्रेशन’. सातवीतल्या मुलासाठी दर सोमवारी पोटदुखीचं औषध न्यायला एक वडील यायचे. जंताचं झालं, पित्ताचं झालं. एकदा मी विचारलं, ‘रविवारी दुखतं का?’ ते पाकीट हातात धरून उभेच राहिले. रविवारी दुखत नव्हतं. दिवाळीच्या सुट्टीतही दुखलं नव्हतं. मूल ‘मी उदास आहे’ म्हणत नाही. ते चिडतं, पोट धरतं, खेळायला जायचं बंद करतं, पेपरात मागे पडतं. या मुलाला वर्गातली दोन पोरं छळत होती. त्याला गोळी लागलीच नाही. समुपदेशक आणि शाळेशी झालेल्या दोन बैठका पुरल्या.

मेसेजमध्ये पुढे आहे, की ‘या गोळ्यांनी मुलं आत्महत्या करतात, अमेरिकन सरकारनं मान्य केलंय.’ अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेनं २००४मध्ये पाकिटावर इशारा छापायला लावला आणि २००७मध्ये तो चोवीस वर्षांपर्यंतच्या तरुणांसाठी वाढवला, हे खरं. मुलांवरच्या चाचण्यांत आत्महत्येचे विचार किंवा तसं वागणं खोट्या गोळीवर सुमारे २ टक्क्यांत दिसलं, औषधावर ४ टक्क्यांत. त्या चाचण्यांत एकाही मुलानं आत्महत्या केली नव्हती. इशाऱ्याचा अर्थ एवढाच, की सुरुवातीचे आठवडे घरच्यांनी डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायचं आणि डॉक्टरांना लवकर लवकर दाखवायचं. मुलाच्या किंवा मोठ्याच्या तोंडी मरणाची भाषा आली तर ‘नाटकं करतोय’ म्हणू नका. त्याला एकटं सोडू नका, दवाखान्यात न्या. १४४१६ हा सरकारचा टेली-मानस नंबर आहे, फुकट आहे, चोवीस तास चालू असतो, आणि मराठीत बोलता येतं.

पाचवा: ‘आजोबांच्या काळी हे आजार नव्हते, आयुर्वेदाला माहीतसुद्धा नव्हते.’ चरकसंहितेत उन्मादावर स्वतंत्र अध्याय आहेत. ठाणे, नागपूर, रत्नागिरीची मनोरुग्णालयं इंग्रजांच्या काळातली आहेत. ती काय रिकामी ठेवायला बांधली? आजोबांच्या काळी परसातली एक खोली बाहेरून कडी लावलेली असायची, तिच्याबद्दल कुणी बोलायचं नाही, एवढंच. १९३१मध्ये गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस या बंगाली वैद्य-डॉक्टरांनी सर्पगंधेचा वेडावर गुण होतो असं छापलं. तिच्यातून पुढे रेसर्पिन हे औषध निघालं, जगभर वापरलं गेलं, आणि त्याचेही दुष्परिणाम होतेच.

याच मुद्द्याला मेसेजनं उपाय जोडलाय: ‘महिनाभर देवस्थानी ठेवा.’ ६ ऑगस्ट २००१ला तमिळनाडूतल्या एरवाडीत असंच ‘ठेवलेल्या’ पंचवीसहून जास्त माणसांचा आगीत कोळसा झाला. साखळ्यांनी बांधलेली होती, पळता आलं नाही. आपल्याकडे भूत उतरवण्याच्या नावाखाली मारणं, बांधणं हा २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. देवाला जाऊन बरं वाटत असेल तर जरूर जा. येताना गोळीही घ्या.

सहावा, शॉकचा. ‘भान असताना करंट देतात.’ २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यानं भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय शॉक द्यायला बंदी आहे. ज्यानं अन्नपाणी सोडलंय, जो दगडासारखा बसून राहिलाय, अशा पेशंटला तो वाचवतो. काही काळ विसरायला होतं, हे खरं. सिनेमातला शॉक सिनेमातच सोडा.

राहिला सातवा: ‘एकदा कागदावर आलं की लग्न जमत नाही, नोकरी जाते, लोक वेडा म्हणतात.’

हा मुद्दा खोटा आहे असं मी म्हणू शकत नाही. कायद्यानं मानसिक आजाराला विम्यात इतर आजारांच्या बरोबरीनं धरायला सांगितलंय, पण सोयरीक काही कायद्यानं जमत नाही. लोक माझ्याकडे ‘पाकीट फाडून नुसत्या गोळ्या द्या’, ‘बिलावर नाव टाकू नका’ म्हणतात. पेपरात गुंडाळून मागतात, पूर्वी बायका सॅनिटरी नॅपकिन मागायच्या तसं.

एक सूनबाई गेलं वर्षभर येतात. बाळंतपणानंतर सुरू झालं, आता खूप सुधारल्या आहेत, डोस निम्म्यावर आलाय. घरी सांगितलंय थायरॉईड आहे म्हणून. गोळ्या थायरॉईडच्या डबीत ठेवतात. मी डबीच्या आतल्या झाकणावर पेनानं खरं नाव आणि एक्स्पायरी लिहून दिली आहे, चुकून कुणी दुसऱ्यानं घेऊ नये म्हणून. तो मेसेज भावकीच्या ग्रुपवर टाकला तो त्यांच्याच सासूबाईंनी. परवा बामची बाटली घ्यायला आल्या तेव्हा विचारत होत्या, ‘आमच्या सूनबाईंचं थायरॉईड आता बरं आहे ना रे?’

मी म्हटलं, बरं आहे काकू. गोळ्या मात्र बंद करायला सांगू नका.