सीटी स्कॅन असताना सुकी हाडं कशाला मोजायची? – प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार डॉक्टर, मानेच्या सुक्या मणक्यांची पेडिकल्स (मणक्याचा पुढचा भाग मागच्या कमानीला जोडणारे हाडाचे छोटे खांब) मोजण्यावरच्या माझ्या पोस्टवरची तुमची प्रतिक्रिया वाचली. सीटी आणि नेव्हिगेशनच्या (ऑपरेशन चालू असताना हत्याराची जागा स्क्रीनवर दाखवणाऱ्या यंत्रणेच्या) जमान्यात मानेचे सुके मणके व्हर्नियरने (बारीक मापाच्या पट्टीने) मोजत बसणं म्हणजे नुसता थिसिस भरणं, असं तुमचं म्हणणं. एक गोष्ट आधीच मान्य करते, आमच्या बोन सेटमधल्या हाडांवर वय लिहिलेलं नसतं, बाई की पुरुष तेही नाही, आणि हे मी पोस्टमध्ये स्पष्ट लिहायला हवं होतं, ते राहिलं.

पण ‘काही उपयोग नाही’ हे मला पटत नाही. सी3 ते सी6 ची, म्हणजे मानेच्या तिसऱ्या ते सहाव्या मणक्यांची, पेडिकल्स रुंदीला साधारण 4 ते 6 मिमी, आणि मणके स्थिर करायला त्यांतून घालायचा स्क्रू 3.5 मिमीचा, म्हणजे 4.5 च्या पेडिकलमध्ये स्क्रू अगदी मधोमध गेला तरी दोन्ही बाजूंना मिळून 1 मिमी उरतं, कमरेच्या मणक्यातली ऐसपैस जागा इथे नाहीच. आतल्या अंगाला मज्जारज्जू, बाहेर व्हर्टेब्रल आर्टरी (मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी), आणि नेमकी आर्टरीकडची भिंतच जास्त पातळ. त्यात पेडिकल 40-45 अंशांनी आत वळलेलं, ड्रिल तेवढं तिरकं धरायला गेलं की मानेचे जाड स्नायू हात उलटे ढकलतात, म्हणून स्क्रू चुकला तर बहुतेक वेळा बाहेरच, आर्टरीच्या बाजूला जातो. हे ज्याने हाड हातात धरून बघितलंय त्याला स्क्रीनवरचा कट वेगळा दिसतो, असं माझं ठाम मत आहे.

सर्जन अबुमींनी जपानमध्ये 1994 साली मानेच्या दुखापतींसाठी पेडिकल स्क्रू वापरल्याचं मांडलं, तरी आजही बरेच सर्जन सी3 ते सी6 ला स्क्रूसाठी लॅटरल मासच (मणक्याच्या बाजूचा हाडाचा जाड भाग) पसंत करतात, सी7 ला मात्र लॅटरल मास पातळ आणि पेडिकल रुंद, म्हणून तिथे पेडिकल. हा निर्णयसुद्धा शेवटी मापांवरूनच होतो ना?

सरासरी आकडा पेशंटला लावायचा नसतोच, त्याची सीटी बघितल्याशिवाय स्क्रू घालू नये हे मीही म्हणते. परवाच एक सी4 मोजला, उजवं पेडिकल 4.9 आणि डावं 3.8, एकाच मणक्यात! डावीकडचं आर्टरीचं भोक डोळ्यांनाच मोठं दिसत होतं. दोन्ही बाजूंची मिळून सरासरी काढली असती तर हा फरक गायबच झाला असता.

तुमच्याकडे 1 मिमी कटचे सीटी असतील तर सी4 च्या दोन्ही बाजू वेगवेगळ्या मोजून बघा आणि इथेच कळवा, माझी मापं मी तुम्हाला पाठवते.